आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. मग बातमीत तो तसा का दिसतो?

मोबाइलवर नोटिफिकेशन येते : ‘आरोपीला १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली’. खाली कमेंट सुरू होतात. ‘फक्त १४ दिवस?’ ‘एवढ्या मोठ्या गुन्ह्याला एवढीच शिक्षा?’ ‘म्हणूनच लोकांचा कायद्यावर विश्वास राहिला नाही.’

यात चूक कमेंट करणाऱ्यांची नाही. ती बातमी लिहिणाऱ्यांची, म्हणजे आमच्या धंद्याची आहे. मराठीत ‘सुनावली’ जाते ती शिक्षा. कोठडी ही शिक्षा नाही. त्या दिवशी खटला उभा राहिलेला नसतो, दोषारोपपत्र दाखल झालेले नसते, एकही साक्षीदार तपासलेला नसतो. न्यायदंडाधिकाऱ्यांनी फक्त एवढेच ठरवलेले असते की पुढचे १४ दिवस या माणसाला कुठे ठेवायचे. एका क्रियापदाने वाचकाच्या मनात निकाल लागून जातो, आणि तो निकाल त्याला कमीही वाटतो.

गुन्हे आणि न्यायालयाच्या बातम्यांचे संपादन करण्यात माझी बरीच वर्षे गेली. ‘सुनावली’ मीही कित्येकदा जाऊ दिले आहे. घाई असते, मथळ्याची जागा ठरलेली असते, आणि सगळेच तसे लिहितात. पण या भाषेची किंमत कोणीतरी मोजत असते, आणि ती मोजणारा बहुतेक वेळा वकील ठेवण्याची ऐपत नसलेला माणूस असतो.

एका प्रकरणाचे टप्पे

आधी क्रम समजून घेऊ. कोणीतरी फिर्याद देतो आणि पोलीस ‘गुन्हा दाखल’ करतात. हा शब्दप्रयोगच फसवा आहे. प्रत्यक्षात दाखल होते ती माहिती, म्हणजे प्रथम खबर. ‘अमुक नेत्यावर गुन्हा दाखल’ हे वाचून निम्मे लोक त्याला दोषी धरतात आणि उरलेले राजकीय सूड धरतात. त्या टप्प्यावर दोन्हीसाठी आधार नसतो.

मग येते अटक. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. तिथून दोन वाटा फुटतात. पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने कारागृहात. पोलीस कोठडीचे एकूण दिवस १५ पेक्षा जास्त असू शकत नाहीत. पूर्वी ते पहिल्या १५ दिवसांतच घ्यावे लागत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तेच १५ दिवस गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेता येतात. त्यामुळे ‘पुन्हा पोलीस कोठडी’ अशी बातमी आली की काही नवे सापडले असेलच असे नाही.

ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. आले, तर न्यायालय आरोप निश्चित करते आणि खटला सुरू होतो. दोषारोपपत्र या शब्दात ‘दोष’ आहे खरा, पण ते पोलिसांचे म्हणणे असते. त्याची प्रत हाती आली की आम्ही ते निकालपत्र असल्यासारखे छापतो. ‘असे केले कृत्य’ या मथळ्याखाली घटनाक्रम येतो आणि ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द कुठे तरी सहाव्या परिच्छेदात सापडतात.

या सगळ्यात माझ्या मते सर्वात धोकादायक शब्द आहे ‘कबुली’. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य जवळपास रोज छापून येते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. जुन्या भारतीय पुरावा कायद्यात हे कलम २५ होते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ आहे. त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. मकोकासारख्या विशेष कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यापुढील कबुलीला वेगळी वाट आहे. पण सर्वसाधारण नियम हाच, आणि तो इंग्रजांच्या काळापासून आहे. कोठडीत माणूस काय काय कबूल करतो हे इंग्रजांनाही ठाऊक होते. म्हणजे जी गोष्ट न्यायाधीशांपुढे मांडताच येत नाही, ती आम्ही लाखो वाचकांपुढे पहिल्या पानावर मांडतो.

बिबट्या आणि संशयित, दोघेही ‘जेरबंद’

मराठी गुन्हेवृत्ताची एक स्वतंत्र बोली आहे. मुसक्या आवळल्या. बेड्या ठोकल्या. गजाआड केले. गजाआडून थेट ‘कोठडीची हवा’. ‘मुसक्या’ म्हणजे दोन्ही हात पाठीमागे बांधणे. ‘जेरबंद’ हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा, घोड्याने मान उधळू नये म्हणून बांधलेला. जुन्नर-आंबेगावच्या बातम्यांत बिबट्या जेरबंद होतो, आणि त्याच पानावर मोबाइल चोरीचा संशयितही जेरबंद होतो. बिबट्याची वर्तणूक एकदा पिंजऱ्यात सापडली की सिद्धच असते. माणसाची नसते.

‘बेड्या ठोकल्या’बद्दलही तेच. हातकडी हा नियम नसून अपवाद असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले. नव्या संहितेने काही गंभीर गुन्ह्यांत हातकडीची मुभा दिली आहे, सरसकट नाही. आमच्या मथळ्यात मात्र चेक न वटल्याच्या प्रकरणातसुद्धा बेड्या ठोकल्या जातात.

आणि ‘नराधम’. हा शब्द वापरताना लिहिणाऱ्याला बरे वाटते, हे मी अनुभवाने सांगतो. आपण पीडितेच्या बाजूने उभे राहिलो असे वाटते. पण अटकेच्या दिवशी वापरलेला ‘नराधम’ तपास नीट होण्यासाठी काहीही करत नाही. उलट पोलिसांवर ‘कोणीतरी पकडा’ असा दबाव वाढतो. कोणीतरी पकडला जातो. तो तोच होता का, हा प्रश्न विचारणारा मग नराधमाचा कैवारी ठरतो.

उलट बाजूची ढिलाईही तितकीच आहे. कौटुंबिक हिंसाचाराला ‘घरगुती वाद’, पाठलाग आणि छळाला ‘एकतर्फी प्रेम’. अनोळखी गरिबासाठी आमच्याकडे जड शब्द असतात आणि घरातल्या पुरुषासाठी हलके. म्हणून मुद्दा मवाळ शब्द वापरण्याचा नाही. शब्द कोणत्या टप्प्याचा आहे आणि त्यामागे कोणाचे म्हणणे आहे, हे सांगण्याचा आहे.

कच्चा कैदी, पक्का कैदी

तुरुंगाच्या बोलीत खटला चालू असलेला तो ‘कच्चा कैदी’ आणि शिक्षा झालेला ‘पक्का कैदी’. कारागृह विभागाची कागदावरची भाषा वेगळी आहे : न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी. ती अवघड असली तरी नेमकी आहे. बोलीतला ‘कच्चा’ मात्र मनात एक गृहीतक पेरून जातो. कच्चा आंबा कधी ना कधी पिकतोच, फक्त वेळ लागतो. कच्चा कैदीही कधीतरी पक्का होणारच, असे ऐकणाऱ्याला वाटत राहते.

आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे दर चारांपैकी तीन. आणि देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून अधिकृत क्षमता होती ४,३६,२६६. याचा अर्थ शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी ज्यांचा निकाल लागायचा आहे त्यांनीच तुरुंग जवळपास भरले असते. ‘तुरुंगात गुन्हेगार असतात’ हे आपले घरातले वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

(तुरुंग हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांचा ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचे खोड, पाय अडकवायचा लाकडी खोडा, आणि पुढे कोठडी. गोव्याच्या वाटेने येऊन तो मराठीत इतका मुरला की परका वाटतच नाही. ‘गुन्हा’ फारसीतला, आणि तिथे त्याचा अर्थ पापसुद्धा होतो. ‘शिक्षा’ मात्र संस्कृतातली. हिंदीत ती शाळेत मिळते, आपल्याकडे न्यायालयात.)

‘जामीन’ या शब्दाचीही गंमत आहे. मराठीत जामीन म्हणजे सुटकेचा आदेशही आणि हमी घेणारा माणूसही. आपण ‘त्याला जामीन राहिलो’ असे म्हणतोच. या दोन अर्थांच्या मधल्या फटीत हजारो माणसे अडकतात. ‘जामीन मंजूर’ अशी बातमी येते, लोक म्हणतात ‘सुटला’. पण हमी घेणारा माणूस मिळाला नाही किंवा रक्कम भरता आली नाही, तर तो आतच राहतो. अशांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना साहाय्याची योजना आणली. तीत तेव्हा जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. मंजूर झालेल्या जामिनासाठी सरकारला वेगळी योजना काढावी लागते, यातच सगळे आले.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे नव्हे

हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेली माणसेही पैजेवर सांगतात. कोणी वीस म्हणतो, कोणी चौदा. दिवस आणि रात्र वेगवेगळी मोजतात असे सांगणाराही प्रत्येक कट्ट्यावर एक असतो. यातले काहीच खरे नाही.

जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्येच सांगितले, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातलेच होते. गांधीहत्येच्या खटल्यात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे यांनी, मिळालेली सूट धरून आपली शिक्षा संपली असे म्हणत याचिका केली होती. जन्मठेपेची शिक्षा वर्षांत मोजून आपोआप संपत नाही, सरकारने माफी दिली तरच संपते, असे न्यायालयाने ठरवले. २० चा आकडा कायद्यात आहे, पण तो शिक्षेचा काही अंश काढायचा असेल तेव्हाच्या हिशेबापुरता. १४ चा आकडा १९७८ मध्ये आला. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला १४ वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सोडता येणार नाही, असे तो सांगतो. म्हणजे १४ ही किमान मर्यादा आहे. आपण तिला कमाल समजून बसलो.

‘जन्मठेप’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला त्यात सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकाचा वाटा मोठा. तेव्हाची ती शिक्षा म्हणजे काळे पाणी, समुद्रापार अंदमानात रवानगी. १८६० च्या दंड संहितेत असलेली ही शिक्षा १ जानेवारी १९५६ पासून गेली आणि तिच्या जागी आजीवन कारावास आला. शिक्षा बदलली, मराठी शब्द तोच राहिला.

कैदी रजेवर बाहेर येतो तेव्हाही आम्ही ‘तुरुंगातून सुटका’ लिहून मोकळे होतो. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. दोन्ही संपल्यावर माणसाला परत आत जावे लागते.

‘सराईत’ कोणी ठरवला?

‘सराईत गुन्हेगाराला अटक. त्याच्यावर विविध पोलीस ठाण्यांत सात गुन्हे दाखल.’ अशी बातमी दिसली की एक प्रश्न विचारा : सातपैकी किती प्रकरणांत तो दोषी ठरला? हे बातमीत जवळपास कधीच नसते. कधी कधी उत्तर शून्य असते. तडीपारीचेही तसेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली एखाद्याला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते, आणि त्यासाठी तो न्यायालयात दोषी ठरलेला असण्याची गरज नाही. एमपीडीएखाली ‘स्थानबद्ध’ केलेल्याचेही तेच. ही प्रतिबंधात्मक कारवाई असते. पण ‘तडीपार गुंड’ या जोडशब्दाने तिची जन्माची पदवी होऊन जाते.

महाराष्ट्रात ही पदवी काही समाजांना जन्मासोबतच चिकटलेली आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’चे नाव आजही तेच आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, कारण जग त्यांच्या जमातीला त्याच नावाने हाक मारत होते.

हे जुने झाले म्हणून सोडून देऊ नका. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कारागृहांच्या नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य आहेत, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकावा. ते प्रकरण सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवरचे होते. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावर.

‘पुराव्याअभावी सुटले’

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळे लिहायला घेतले, ते सांगतो. जून २००३ मध्ये नाशिक परिसरात रात्री एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून आणि बलात्कार. भयंकर गुन्हा होता आणि संतापही तसाच होता. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली.

५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसे ओळखली होती, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत.

अशा निकालाला आपली भाषा काय म्हणते? ‘पुराव्याअभावी सुटले.’ ‘संशयाचा फायदा मिळाला.’ फायदा! जणू काही पदरात पडले. ‘पुराव्याअभावी’ या शब्दाचा वाचकाला ऐकू येणारा अर्थ असा की केले त्यांनीच, फक्त सापडले नाहीत. निर्दोष मुक्तता झालेला माणूस कायद्याच्या नजरेत तुमच्या-माझ्याइतकाच निर्दोष असतो. आणि खटला चालण्याआधीच ज्याचे नाव वगळले जाते तो ‘दोषमुक्त’. हा फरक वकील पाळतात, आम्ही दोघांनाही ‘सुटका’ म्हणतो. पोलिसांनी तपासात वगळले तर ‘क्लीन चिट’, हा आणखी तिसराच प्रकार.

‘पीडितांचे काय?’ असा प्रश्न अशा वेळी हमखास येतो, आणि तो योग्य आहे. नाशिकच्या त्या कुटुंबाला काय मिळाले? खरे मारेकरी कोण, हे सोळा वर्षांनीही कोणाला सांगता आले नाही. चुकीच्या सहा जणांना गुन्हेगार म्हणत राहिल्याने खऱ्यांना पळायला सोळा वर्षे मिळाली.

मला आठवतो तो एका वडिलांचा फोन. मी तेव्हा दुसऱ्या एका वृत्तपत्रात होतो. त्यांच्या मुलाची निर्दोष मुक्तता होऊन वर्ष झाले होते. मुलाचे नाव इंटरनेटवर टाकले की आमची अटकेची बातमी फोटोसह पहिली येत होती आणि दोन ठिकाणी लग्न मोडले होते. मी निकालाची बातमी शोधली. ती आम्ही दिलीच नव्हती. त्या दिवशी जागा नव्हती, असे कोणीतरी म्हणाले. वडील रागावले नाहीत. ‘साहेब, अटकेच्या दिवशी जागा होती ना?’ एवढेच म्हणाले. जुन्या बातमीखाली निकालाची एक ओळ जोडायला आम्हाला तीन आठवडे लागले.

तुमच्या ओळखीतले कोणी न्यायालयीन कोठडीत असेल, तर त्याच्यासाठी एक तरतूद लक्षात ठेवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, ज्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही अशा न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. इतरांसाठी हीच मर्यादा निम्म्या काळाची. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणे चालू असतील तर अडचण येते. १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांनाही हे लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मुदत भरली की न्यायालयात लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे. तो झाला की नाही, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारता येते. वकील मोफत मिळतो, आणि विधी सेवेचा फोन क्रमांक आहे १५१००.